वाट दिसते तोवर : अपूर्ण व्हिडिओ गेम आणि खेळाडूंचा धीर

१

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात २० मार्च २०१३ रोजी 'अर्ली ॲक्सेस' नावाचा एक विभाग सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यात बारा गेम होते. व्यवहार सरळ होता. गेम अजून पुरा झालेला नाही, पण खेळता येतो. हवा असेल तर आत्ताच विकत घ्या. पुढे जे जे काम होत जाईल ते त्याच पैशांत तुम्हाला मिळत राहील. प्रत्येक गेमच्या पानावर एक इशाराही असतो. त्याचा आशय असा, की हा गेम अपूर्ण आहे, तो पुढे बदलेलच असे नाही, आणि आज आहे त्या अवस्थेत तो खेळावासा वाटत नसेल तर थांबावे.

प्रथा या विभागाहून जुनी आहे. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने 'माइनक्राफ्ट' मे २००९ मध्ये लोकांपुढे ठेवला आणि लगेच, कच्च्या अवस्थेतच, विकायलाही सुरुवात केली. आधी घेणाऱ्याला स्वस्त, नंतर येणाऱ्याला महाग असा त्याचा हिशेब होता. पहिली 'पूर्ण' आवृत्ती आली १८ नोव्हेंबर २०११ रोजी. तोवर लक्षावधी लोक त्यात घरे बांधून राहिले होते. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली आणि जगभरच्या लहान स्टुडिओंना एक धडा मिळाला : अपुरी वस्तू विकता येते, आणि ती घेणारे लोक वाट पाहायला तयार असतात.

ते किती वाट पाहतात, आणि कोणत्या क्षणी पाहणे थांबवतात, हा या लेखाचा विषय आहे. यावर नेहमी मिळणारे उत्तर ठरलेले आहे. आजच्या पिढीला धीर नाही, तिला सगळे तत्काळ हवे असते. मी काही गेमांच्या अपडेटचा इतिहास एकमेकांशेजारी मांडून पाहिला, तेव्हा हे उत्तर टिकले नाही. उलट या पिढीइतका दीर्घ धीर धरणारा ग्राहक दुसऱ्या कोणत्याही करमणुकीच्या धंद्यात मला दिसत नाही.

२

आधी काळाचे माप घेऊ. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी 'ड्वार्फ फोर्ट्रेस'चे काम २००२ मध्ये सुरू केले. लोकांच्या हाती तो आला ऑगस्ट २००६ मध्ये : फुकट, चित्रांऐवजी अक्षरे आणि चिन्हे असलेला, आणि उघडपणे अपुरा. पुढची सोळा वर्षे तो चाहत्यांच्या देणग्यांवर वाढत राहिला. चित्रे असलेली, विकत घ्यायची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. या मधल्या काळात कुणी 'लवकर पुरा करा' म्हणून फारसा तगादा लावला नाही. चेक स्टुडिओ वुबेचा 'फॅक्टोरिओ' स्टीमवर फेब्रुवारी २०१६ मध्ये आला आणि पूर्ण झाल्याचे त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केले. या काळात त्याची किंमत सवलतीत एकदाही उतरली नाही; उलट वाढली. तरी लोक घेत राहिले.

आता दुसरे टोक. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा अग्निबाण बांधून अवकाशात सोडण्याचा गेम. त्याचा पहिला भाग २०११ पासून कच्च्या रूपात लोक खेळत होते आणि २०१५ मध्ये तो पूर्ण झाला. खेळाडूंनी चार वर्षे आनंदाने सोबत केली. दुसरा भाग एका बड्या प्रकाशकाच्या पैशावर, पन्नास डॉलरच्या भक्कम किमतीला, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, अनेकांनी एकत्र खेळणे अशी आश्वासनांची यादी बरोबर होती. यादीतला पहिला मोठा टप्पा यायला दहा महिने लागले. त्यापुढचा आलाच नाही, कारण २०२४ मध्ये स्टुडिओच गुंडाळला गेला. या दुसऱ्या भागाबद्दलचा रोष पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाला होता.

तेव्हा एकाच विषयाच्या, बहुतांशी एकाच खेळाडूवर्गाच्या दोन गेमांपैकी एकाला चार वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला चार महिनेही नाहीत. महिने मोजून धीराचा हिशेब लागत नाही, तो दुसरीकडे शोधावा लागतो.

मराठीत या अवस्थेसाठी तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत. धीर धरणे, कळ काढणे आणि वाट पाहणे. धीर धरण्यात मनाची ताकद आहे, कळ काढण्यात दुखणे आहे. वाट पाहण्यात मात्र वाट आहे. ज्या रस्त्याने माणूस येणार तो रस्ता डोळ्यांना दिसतो आहे, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. अपूर्ण गेमचा खेळाडू बहुतेकदा धीर धरत नसतो, कळही काढत नसतो. तो वाट पाहत असतो. रस्ता दिसतो तोवर अंतराचा त्याला त्रास होत नाही. 'फॅक्टोरिओ'चे लोक दर शुक्रवारी न चुकता एक टिपण प्रसिद्ध करीत. या आठवड्यात रुळांच्या वळणाचे गणित कसे बदलले, कोणते चित्र टाकून दिले, कोणती कल्पना फसली. अशा टिपणातून नवा खेळ मिळत नाही. रस्ता तेवढा दिसतो.

३

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' हे आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. द इंडी स्टोन या छोट्या ब्रिटिश गटाचा हा गेम. १९९३ सालचा अमेरिकेतला केंटकी प्रांत, सर्वत्र पसरलेली साथ, आणि तुम्ही एक साधा माणूस : सुतार, परिचारिका, आगविझवणारा. अन्न शोधायचे, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, जखम बांधायची. ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे, हे गेम सुरुवातीलाच सांगून टाकतो.

२०११ मध्ये या गटातल्या दोघांच्या घरी चोरी झाली आणि लॅपटॉप गेले. त्यांत गेमचा बराच कोड होता आणि त्याची ताजी प्रत दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती. पैसे भरून बसलेले लोक चिडले. चोरीबद्दल त्यांना सहानुभूतीच होती; पण लोकांचे पैसे घेतल्यावर कामाची एक प्रत बाहेर ठेवण्याइतकी काळजी का घेतली नाही, हा त्यांचा सवाल रास्त होता. त्या क्षणी गटाची उत्तरेही तापलेली होती. पुढच्याच वर्षी गटातल्या एकाने एका गेम-मेळाव्यात 'गेम कसा बनवू नये' अशा धर्तीचे भाषण देऊन हा सगळा प्रकार जाहीरपणे उलगडून सांगितला. मग एक नेम पडला. आधी सोमवारी, नंतर गुरुवारी, कामाची टिपणे येत राहिली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये तो स्टीमच्या अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि मी हे लिहीत असताना तिथेच आहे. त्याची 'बिल्ड ४१' ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणीसाठी खुली झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. चाचणीचीच दोन वर्षे झाली. त्यानंतर गेमला कधी नव्हे इतके खेळाडू मिळाले. 'बिल्ड ४२'ची अस्थिर आवृत्ती यायला आणखी तीन वर्षे लागली. इतक्या संथ गतीने चालणारा गेम अजून जिवंत आहे, एवढेच नव्हे, तर त्याच्या संथपणावर खेळाडू प्रेमाने विनोद करतात.

याचे श्रेय फक्त गुरुवारच्या टिपणांना देता येणार नाही. माझ्या मते अर्धे श्रेय गेमच्या रूपाकडे जाते. ज्या कथेचा शेवट पहिल्या पडद्यावरच सांगितला आहे, तिला 'शेवट अजून आलेला नाही' ही तक्रार लागू पडत नाही. खेळाडू मरतो, नवा माणूस घेऊन पुन्हा सुरू करतो. मधल्या काळात गेममध्ये गाड्या आल्या, ऋतूंचे तपशील वाढले, घरे बदलली. प्रत्येक नवे आयुष्य थोड्या वेगळ्या जगात सुरू होते. अपुरेपण इथे गेमच्या आत मुरून गेले आहे.

४

हा मुद्दा पुढे नेला, की अर्ली ॲक्सेसमध्ये कोणत्या जातीचे गेम टिकतात याचा उलगडा होतो. जगून राहण्याचे, बांधण्याचे, कारखाना किंवा तुरुंग चालवण्याचे, पुन्हा पुन्हा मरून नव्याने सुरू करण्याचे गेम तिथे टिकतात. यांपैकी कशालाच कथानकाचा खरा शेवट नसतो. गोष्ट सांगणाऱ्या गेमची अडचण वेगळी. रहस्यकथेची पहिली साठ पाने विकली आणि नंतर ती बदलली, तर वाचक दोनदा ठकतो.

तरी दोन मोठे अपवाद झाले आणि दोघांनीही ही अडचण ओळखून बांधणी केली. सुपरजायंटचा 'हेडीस' डिसेंबर २०१८ मध्ये अपूर्ण अवस्थेत आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. त्याचा नायक पाताळातून पळून जाऊ पाहतो, मरतो आणि परत घरी येतो. प्रत्येक परतीला घरातली माणसे त्याच्याशी नवे काही बोलतात. नवा अपडेट घेऊन परतणारा खेळाडू आणि मरून परतणारा नायक यांची चाल एकच झाली. 'बाल्डर्स गेट ३'च्या लारियन स्टुडिओने ऑक्टोबर २०२० मध्ये पहिला अंक तेवढा खुला केला आणि उरलेले नाटक ऑगस्ट २०२३ पर्यंत झाकून ठेवले. तीन वर्षे लोक तोच पहिला अंक वेगवेगळ्या पात्रांनी खेळत राहिले. किंमत पूर्ण होती, पण काय मिळणार आणि काय नाही याची सीमारेषा आखलेली होती.

उलट 'स्टारड्यू व्हॅली'च्या एरिक बॅरोनने एकट्याने चार-साडेचार वर्षे काम केले, अर्ली ॲक्सेसची वाट मुद्दाम नाकारली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पुरा गेम विकायला ठेवला. त्याची वाट पाहण्याची किंमत खेळाडूने दिली नाही; त्याने स्वतः आणि त्याच्या घरच्यांनी दिली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. गेम २०२० मध्ये पूर्ण होऊनच बाजारात आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची ती गोष्ट. अंगणात पुन्हा पुन्हा घर बांधण्याचा खेळ नव्हे. जगभरच्या खेळाडूंचा धीर हे एक प्रकारचे भांडवल आहे, आणि ते सगळ्यांना सारखे मिळत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. अमुक जातीचा गेम आणि आधीपासून जमलेला चाहतावर्ग असेल तर हे कर्ज सहज मिळते. नव्या गावातून नवी गोष्ट घेऊन येणाऱ्याला ते नाकारले जाते. धीराबद्दलच्या चर्चेत ही बाजू क्वचितच येते.

५

आता संथपणाच्या कारणांकडे वळतो. 'व्हॅलहाइम' हा गेम स्वीडनमधल्या शोव्हदे या गावच्या आयर्न गेट या पाच जणांच्या स्टुडिओने २ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. सुमारे पाच आठवड्यांत त्याच्या पन्नास लाख प्रती विकल्या गेल्या. त्या वर्षात चार मोठे अपडेट येणार असे वेळापत्रक जाहीर झाले होते. पहिला आला सप्टेंबरमध्ये, आणि वेळापत्रक गुंडाळून ठेवले गेले. 'मिस्टलँड्स' हा धुक्याचा प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये आला, 'ॲशलँड्स' हा राखेचा प्रदेश मे २०२४ मध्ये.

खेळाडूंचा प्रश्न असा होता : एवढे पैसे मिळाले, मग माणसे का नेमत नाही? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मन्थ' या पुस्तकात मांडलेला नियम आजही मोडलेला नाही : उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली, की उशीर वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्या माणसाचाच वेळ जातो. शिवाय पन्नास लाख लोक एका वेळी खेळू लागले, की पाच जणांनी कधी न पाहिलेल्या चुका पहिल्याच आठवड्यात बाहेर येतात आणि नवे प्रदेश बाजूला ठेवून जुन्या भिंती लिंपाव्या लागतात. इथे यशामुळेच काम मंदावले.

हे सगळे खरे असले, तरी त्यावरून 'खेळाडूने समजून घ्यावे' असा निष्कर्ष मी काढणार नाही. सुताराच्या घरी काय अडचण आहे हे गिऱ्हाइकाने जाणले तर चांगले. पण दाराची तारीख त्याने दिलेली नव्हती, सुताराने दिली होती. व्हॉल्व्हची डेव्हलपरांना दिलेली सूचनाही हेच सांगते : पुढच्या गोष्टींची नेमकी आश्वासने देऊ नका, आणि विक्री झाली नाही तर काम पुरे करता येणार नसेल तर या विभागात येऊ नका. 'व्हॅलहाइम'वरचा राग पुढे निवळला, कारण जे हातात होते तेच शेकडो तास पुरणारे होते. तारीख चुकली, तरी माल खोटा नव्हता.

सूचना पाळली गेली नाही तर काय होते याचा नमुना 'स्पेसबेस डीएफ-९' आहे. डबल फाइन या नावाजलेल्या स्टुडिओने अवकाशतळ चालवण्याचा हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. वर्षभराने त्यांनी सांगितले, की विक्रीतून खर्च निघत नाही, म्हणून पुढची आवृत्ती हीच पूर्ण आवृत्ती. योजलेल्या कितीतरी गोष्टी कागदावरच राहिल्या. चाहत्यांनी पुढे न्यावे म्हणून कोड खुला केला गेला. 'पूर्ण' हा शब्द इथे कामाचे वर्णन करत नव्हता. दुकान बंद केल्याची ती पाटी होती.

६

अशा वेळी खेळाडूच्या हातात काय उरते? स्टीमचा परताव्याचा नियम जून २०१५ पासून आहे : खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. पूर्ण गेमला हा नियम पुरेसा असेल. पण बांधण्या-जगण्याच्या अपूर्ण गेममध्ये काय नाही हे कळायला चाळीस तास लागतात. तुम्ही गुहा ओलांडता, लोखंड वितळवता, जहाज बांधता, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर समजते, की हा प्रदेश अजून रिकामा आहे. परताव्याची मुदत त्याआधीच केव्हा सरलेली असते. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीमने आणखी एक सोय केली. वर्षाहून अधिक काळ अपडेट आला नसेल, तर तशी सूचना गेमच्या पानावर दिसते. सोय चांगली आहे, पण यायला जवळजवळ बारा वर्षे लागली.

मराठी वाचकाला पैसे आधी भरून पुस्तकाची वाट पाहणे नवे नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची पावती ज्याने जपून ठेवली नाही असा वर्गणीदार विरळा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश उभा केला तोही गावोगाव वर्गणीदार आणि भागधारक मिळवून. पण त्या वर्गणीदाराला खंड मिळायचा तो बांधलेला, तपासलेला. मुद्रिते तपासायचे काम त्याच्या गळ्यात नव्हते. अर्ली ॲक्सेसचा खेळाडू पैसेही भरतो आणि मुद्रितेही तपासतो : चुका शोधतो, कळवतो, नवख्यांना शिकवतो, मार्गदर्शिका लिहितो. तो ग्राहक आहे, वर्गणीदार आहे आणि बिनपगारी कामगारही आहे. त्याच्या धीराची चर्चा करताना फक्त ग्राहकाच्या मापाने ती केली, तर त्याच्यावर अन्याय होतो. अपडेट थांबल्यावर येणारा राग पुष्कळदा पैशांचा नसतो. आपण घातलेले श्रम वाया गेल्याचा तो राग असतो.

७

शेवटी समीक्षकाबद्दल. बदलत्या वस्तूची समीक्षा कशी करायची? आज लिहिलेले परीक्षण सहा महिन्यांनी वेगळ्याच गेमविषयी ठरते. जुन्या साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच परिचयाचा आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ फिरत गेले होते म्हणूनच. आणि कोणत्या प्रतीचा पाठ हे सांगितल्याशिवाय आपण आजही विधान करत नाही. गेमच्या समीक्षेला हीच शिस्त हवी. कोणती बिल्ड, कोणत्या महिन्यात, हे पहिल्याच ओळीत यावे. 'फॅक्टोरिओ' आणि 'झोम्बॉइड' यांच्या जुन्या आवृत्त्या आजही निवडून खेळता येतात, 'माइनक्राफ्ट'च्याही. म्हणून त्यांचा पाठभेद अभ्यासता तरी येतो. बहुतेक गेमांच्या बाबतीत मात्र नवा अपडेट जुना गेम पुसून टाकतो आणि लोकांनी ज्यात शेकडो तास घालवले ते जग अभ्यासायलाही उरत नाही.

समीक्षकाने आणखी एक सवय सोडावी असे मला वाटते. अपूर्ण गेमचे परीक्षण 'यात मोठी शक्यता आहे' या वाक्याने संपवण्याची ती सवय. शक्यता कुठल्याही अपुऱ्या वस्तूत असते. ती दाखवून दिल्याने वाचकाला काही कळत नाही. त्याचा धीर मात्र आपण परस्पर दुसऱ्याला उधार देऊन मोकळे होतो. विचारायचे ते हे : काम आज या घटकेला थांबले, तर हातात आहे तेवढ्याची ही किंमत योग्य आहे का? 'ड्वार्फ फोर्ट्रेस', 'झोम्बॉइड', 'व्हॅलहाइम' यांच्याबाबत अनेक वर्षे याचे उत्तर 'हो' असे देता आले असते, आणि त्यांच्या खेळाडूंनी ते न विचारताच ओळखले होते. 'कर्बल'च्या दुसऱ्या भागाबाबत पहिल्या दिवशीही ते देता आले नसते. तो आजही दुकानात आहे, आणि त्याच्या पानावर अजून 'अर्ली ॲक्सेस' असेच लिहिलेले आहे.